पिवळ्या दिव्यावरची टिकली

…नाही गं अवनी, आधी ती टिकली लिही. टिकली राहिली तर पुढचं काहीच कुणाला उमगायचं नाही. लाल, बारकी, पाकिटात मिळते तसली. जयंतीनं ती गाडीच्या मीटरवर चिकटवली होती, तिथला पिवळा दिवा सारखा डोळ्यात येतो म्हणून. लिहिलंस? आता जयंती कोण ते लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं आजी झोपेत बोलतेय.

तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला कुठं ठाऊक? जयंती आपल्या वरच्या दोन खोल्यांत राहते. खटावकडची पोर. बापाचं सायकलीचं दुकान, आई लवकर गेली, म्हणून पोरगी दुकानातच वाढली. भाकरी थापायच्या आधी पंक्चर काढायला शिकली. रणजीतशी लग्न झालं, त्याची पलटण जयपूरला होती म्हणून इकडं आली. तेव्हा तिची हिंदी म्हंजे 'अच्छा' अन् 'नहीं', संपलं. पण खातीपुऱ्यातल्या ह्या आपल्या गल्लीत तिचं नाव कसं झालं सांगू? शेजारच्या बाईसांचा, इकडं बाईला मानानं बाईसाच म्हणतात, कूलर बंद पडला. बाहेर आग ओतत होती अन् मिस्त्री काही येईना. जयंती गेली, पदर खोचला, कूलरच्या पोटात हात घातला अन् पंखा फिरवून दिला. तेव्हापासून बाया तिला 'मिस्त्रीजी' म्हणायला लागल्या. आधी चेष्टेनं म्हणायच्या, मग काम काढून घ्यायला गोड तोंडानं म्हणायला लागल्या. कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री. पोर कुणाला नाही म्हणत नसे. बिघडलेलं काही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. हाच तिचा गुण, अन् हाच तिच्या मुळावर आला.

रणजीतनं बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून छोटी लाल गाडी घेतली होती. जुनीच, पण त्याचा जीव तिच्यात. फौजी माणसाचा एक नेम असतो बघ. तुझ्या आजोबांचा पण होता. गाडी बाहेरून आली की आधी पंपावर न्यायची, टाकी काठोकाठ भरायची, मगच दारात लावायची. कधी हुकूम येईल नेम नसतो ना. रणजीत म्हणायचा, रिकाम्या टाकीनं गाडी लावणं म्हंजे दिवसभर राबलेलं जनावर उपाशी दावणीला बांधणं. जयंती त्याला हसायची. मग तो तिला चिडवायचा, म्हणायचा, तुझं सगळं ज्ञान दोन चाकांचं, हिला चार आहेत, हिला हात लावू नको.

मग पलटण हलली. वर, बर्फाकडं. जयंतीला तेव्हा दिवस गेलेले. जायच्या आदल्या दिवशी रणजीतनं गाडी धुतली, टाकी भरून आणली, आपल्या निंबाखाली लावली अन् किल्ली तुझ्या आजोबांच्या हातात दिली. काका, म्हणाला, रविवारच्या रविवारी वाईच चालू करत जा, नाहीतर बॅटरी बसेल. आजोबा म्हणाले, तू निश्चिंत जा. अन् त्यांनी एक रविवार चुकवला नाही. चहा झाला की पेपर घेऊन गाडीत जाऊन बसायचे. ते पण डाव्या बाजूला, कारण स्टिअरिंग पोटाला लागतं. मला वाटायचं, शब्द पाळतायत बिचारे.

तनया झाली तेव्हा बाप तिकडंच. रजा ठरली अन् रद्द झाली. पुन्हा ठरली, पुन्हा रद्द झाली. फोटो धाडावा तर तिथं टॉवर नाही. एकदा कशाला तरी खाली आला होता तेव्हा त्यानं लेकीचा फोटो पाहिला, तेवढाच. पोर कुशीवर वळली, बसायला लागली, दात आला, पण बापानं तिला हातात घेतली नव्हती. जयंती कुणापुढं रडायची नाही. दुःख झालं की काहीतरी शिकायला काढायची. ह्याच दिवसांत गाडी शिकली, बायकांच्या क्लासात, पोर माझ्या मांडीवर टाकून. रणजीतला कळू दिलं नाही. तो सुट्टीवर येईल तेव्हा त्याला आणायला आपण जायचं अन् उतरायचं ते स्टिअरिंगच्या बाजूनं, हे तिनं मनात धरून ठेवलं होतं. तो कसा बघत राहील ते मला करून दाखवायची, तोंडाचा आ करून.

लायसन हातात आलं अन् ही गाडी बाहेर काढायला गेली तर मीटरमधला दिवा गेलेला. तिन्हीसांजेनंतर काटेच दिसेनात. राजा पार्कातल्या एका दुकानातून बल्ब आणला. दुकानदार म्हणाला, गाडी सोडून जा, चार-आठ दिवसांनी बघू. एवढ्याशा बल्बाला चार-आठ दिवस? तिनं मोबाईलवर कुणीतरी करून दाखवलेलं बघितलं, तनयाला झोपवलं अन् स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसली. मीटर बाहेर ओढलं, मागून बल्ब बसवला, दिवा लागला. झालं होतं की काम. पण आतल्या बाजूनं काचेला धूळ दिसली. उघडलंच आहे तर पुसून घेऊ म्हणाली. काच काढली, फडकं फिरवलं अन् हात मागं घेताना हातातली हिरवी बांगडी पेट्रोलच्या काट्यात अडकली. काटा टुपकन उडाला अन् ब्रेकपाशी जाऊन पडला.

मोडला नव्हता. नुसता दाबून बसवायचा. पण कुठं तोंड करून बसवायचा? किल्ली बंद होती, म्हंजे उडायच्या आधी काटा तळालाच निजलेला, त्यावरनं काय कळणार? अवनी, इथं नीट लिही, सगळं इथंच आहे. घड्याळाचा काटा निघाला तर दुसरं घड्याळ बघून लावता येतो. टाकीत किती आहे हे दुसऱ्या कुणाला विचारणार? जयंतीनं डोकं चालवलं. रणजीत गेला तेव्हा टाकी काठोकाठ. गाडी तेव्हापासून निंबाखालीच. किलोमीटरचा आकडा पाहिला, तो पण तिथंच. मतलब, चाक फिरलं नाही. चाक फिरलं नाही तर पेट्रोल जाईल कुठं? तिनं किल्ली फिरवली, काटा भरलेल्या टाकीच्या खुणेवर धरला अन् अंगठ्यानं दाबून टाकला.

अन् गाडी चालू केल्यावर हा पिवळा दिवा लागला. पंपाचं चित्र असतं तो. तिनं पाहिला, नाही असं नाही. पण काटा तर भरलेली सांगतोय. तिला वाटलं, मीटर ओढताना आपल्याच हातून एखादी तार ढिली झाली. पुन्हा उघडायचं म्हंजे पुन्हा काहीतरी उडायचं. म्हणून कपाळाची टिकली काढली अन् दिव्यावर लावली. तुझे आजोबा बघायला आले, म्हणाले, झालं का मिस्त्रीजी? झालं काका, म्हणाली. कसं झालं हे त्यांनी विचारलं नाही अन् तिनं सांगितलं नाही. मग देवळापर्यंत एक फेरी मारली, तनयाला डोस पाजायला नेलं. काटा केसभर हलला असेल. जयंती खूश. म्हणाली, काकू, किती कमी पिते हो ही गाडी.

ह्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी अनोळखी नंबरावरनं फोन आला, कुठल्या तरी स्टेशनावरच्या चहावाल्याचा. पलटण खाली उतरून रेल्वेनं चालली होती. कुठून कुठं ते लिहू नको. फौजीच्या बायकोनं ते विचारायचं नसतं. त्यांचे स्वतःचे फोन पण तेव्हा जमा असतात. त्यांची गाडी जयपूरला थांबणार नव्हती, पण पुढच्या बारक्या स्टेशनाला, बस्सीला, रस्ता मोकळा होईस्तोवर उभी राहणार होती.

“दुपारी जेवायच्या सुमाराला बस्सीला असू,” रणजीत म्हणाला. “किती वेळ ते कुणालाच ठाऊक नाही. येता येईल का तुला? पोरीला एकदा हातात घेऊ दे.”

ती येते म्हणाली. त्याला ऐकू गेलं का नाही कुणास ठाऊक, फोन कट झाला.

आमच्यात हे असतंच. पलटणीची गाडी जाणार कळलं की बायका डबा घेऊन फलाटावर जाऊन उभ्या राहतात. माझा अर्धा संसार फलाटावर झाला म्हण. जयंतीनं लगोलग धपाटी लाटली, शेंगदाण्याची चटणी कुटली. डबा काढला तो बापानं रुखवतात दिलेला, झाकणावर 'जयंती' नाव घातलेला. धपाटी गरम राहावीत म्हणून त्याला तनयाची कुंची गुंडाळली, मी शिवलेली, पिवळ्या ठिपक्यांची, आता तिला होत नाही ती. तुझे आजोबा मागं पोरीला घेऊन बसले. मी दारात हातावर दही दिलं. एखाद्या नव्या नवरीसारखी दिसत होती गं.

शहरातनं बाहेर पडायलाच वेळ गेला. वाटेत पंप लागला तेव्हा आजोबा म्हणाले, टाकून घेऊया का थोडं? पंपावर ही रांग. जयंतीनं काट्याकडं पाहिलं. भरलीय काका, म्हणाली, येताना बघू. बोगदा ओलांडला, आग्रा रस्त्याला लागली अन् तिनं गाडी सुसाट सोडली. तनया आजोबांची मिशी ओढत होती. कानोता गाव मागं पडलं. आजोबा म्हणतात, पोर गाणं गुणगुणत होती.

मग गाडीनं एक आचका दिला. दुसरा दिला. अन् बंद.

जयंतीनं कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली, नुसती घरघर. पुन्हा फिरवली, तेच. खाली उतरून बॉनेट उघडलं. आतनं वाफेसारखा ताप तोंडावर आला. वरनं ऊन, खालनं डांबर, शेजारनं ट्रक जायचे तेव्हा अख्खी गाडी हलायची. तिनं बॅटरीची टोकं हलवली, घट्ट होती. पाणी बघितलं, होतं. एकेक तार चाचपली. पदरानं धरून गरम नळ्या ओढून पाहिल्या, दोन बोटं पोळली. मनात एकच, मी मीटरमधलं काहीतरी मोडलं, मी उघडलं म्हणून हे झालं. धावत आत आली, मीटर पुन्हा ओढलं, मागच्या तारा दाबल्या, किल्ली फिरवली. घरघर. मागं तनया रडून रडून लालबुंद झालेली. आजोबा पेपरानं तिला वारा घालत होते अन् घड्याळाकडं बघायचं टाळत होते.

किती वेळ गेला असेल? मला म्हणाली, काकू, मी सगळं उघडून पाहिलं, पण पेट्रोलाचं मनात पण आलं नाही. काटा समोर दिसत होता ना.

मग आजोबा खाली उतरले. पोर तिच्या हातात दिली. गाडीच्या मागं गेले, दोन्ही हातांनी गाडी गदगदा हलवली अन् कान लावून ऐकत राहिले.

“पोरी, टाकी वाजत नाही,” म्हणाले.

“काका, काटा बघा की. भरलेली आहे.”

“काटा बसवला कुणी?”

“मी.”

“कशावरून?”

तिनं सांगितलं. रणजीतनं भरून ठेवली होती, गाडी जागची हलली नाही, आकडा तिथंच होता. सांगता सांगता तिचाच आवाज बारीक होत गेला, कारण आजोबांचं तोंड उतरत चाललं होतं.

“हलली नाही, पण चालू होती गं,” ते म्हणाले. “दर रविवारी. माझा पेपर वाचून होईस्तोवर. एसी लावून.”

आता ह्यांचा पेपर म्हंजे तुला ठाऊक आहे. पहिल्या पानापासून शोकसंदेशापर्यंत. वर शब्दकोडं. अन् इतक्या महिन्यांचे रविवार. काटा खरा होता तेव्हा तो ह्यांनी डाव्या बाजूनं कधी पाहिला नाही, अन् तिनं पाहिला तेव्हा तो तिनंच लावलेला होता. रणजीतनं जनावराला पाजून दावणीला बांधलं होतं खरं, पण ते दावणीला उभ्या उभ्या सगळं पिऊन बसलं होतं.

जयंती पोरीसकट आत शिरली. वाकली, नखानं टिकली काढली अन् किल्ली फिरवली. खाली दिवा जळत होता, पिवळाधमक. गाडी केव्हापासून सांगत होती अन् हिनं तिच्या तोंडावर टिकली लावली होती. तशीच दाराला धरून खाली बसली रस्त्यावर. आजोबा म्हणतात, तिच्या तोंडाकडं बघवेना. दूर कुठंतरी शिट्टी झाली, का नुसता भास झाला, पण ती शिट्टी ऐकून जी उठली ती पोर काखेला अन् डबा हातात घेऊन सरळ रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आजोबा म्हणाले, मी येतो. ती म्हणाली, नको, तुमच्यानं पळवणार नाही.

कुणी थांबेना. ट्रकवाले हॉर्न मारून जायचे, मोटारीतले काच वर करून जायचे. हातातली पोर बघून वाटत असेल भीक मागतेय. शेवटी दुधाच्या रिकाम्या कॅनांचा एक टेम्पो थांबला. म्हातारा ड्रायव्हर, डोक्याला फेटा. तिची हिंदी त्या वेळी साफ पळाली. नुसतं बस्सी, स्टेशन, फौज, एवढंच तोंडातनं निघालं. म्हातारा म्हणाला, “बैठो बाईसा.”

तो पण जोरात चालवीत नव्हता, कॅन पडतील म्हणून. रस्त्यात बैल आडवा आला, थांबला. गावात शिरल्यावर वरात लागली, बँडवाले अन् घोड्यावर नवरा, पुन्हा थांबला. जयंतीला त्या नवऱ्याला घोड्यावरनं खाली ओढावंसं वाटलं. म्हणाली, काकू, देवाला एवढंच मागत होते, गाडी सुटू दे, पण मी पोचल्यावर सुटू दे. मी नसताना सुटली तर हे म्हणतील, ती आलीच नाही. डोळ्यांदेखत गेली तर निदान त्यांना कळेल मी निघाले होते.

स्टेशनात शिरली तर फलाटाला लागून मालगाडी उभी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते काळे डबे. माणूस नाही दिसत. तिला वाटलं, संपलं. मग मालगाडीच्या खालनं, चाकांच्या फटीतनं पलीकडं बघितलं तर पलीकडच्या रुळावर दुसरी गाडी, अन् खडीवर उतरलेले बुटातले पाय.

फलाटावरच्या नळाला एक पोरगा पाण्याचे कॅन भरत होता. बनियन, हिरवी पँट. तिला बघितलं अन् मराठीतच म्हणाला, वहिनी, कुणाकडं? तिला रडू फुटलं, त्या 'वहिनी' शब्दानं. रणजीत, म्हणाली, रणजीत, ह्यांची लेक. एवढ्यात पलीकडनं इंजिनानं भोंगा दिला. पोरगा गडबडला, कॅन उचलले. मालगाडीच्या दोन डब्यांमधनं तो वाकून जाणार, ते हिच्याच्यानं पोर घेऊन होणार नव्हतं अन् त्यानं पण तिला येऊ दिलं नसतं. हात आडवा केला म्हणे.

“हे द्या त्यांना,” तिनं कुंचीत गुंडाळलेला डबा त्याच्या काखेत कोंबला. “सांगा, मी पुलावर आहे.”

दर्शन त्याचं नाव. छातीवर नव्हतं लिहिलेलं, जाता जाता त्यानं ओरडून सांगितलं, मी दर्शन, देतो वहिनी. अन् गेला दोन डब्यांच्या मधनं.

पुलाचे जिने कशी चढली तिला आठवत नाही. चपला खालीच राहिल्या. लोखंड तापलेलं. वर पोचली तेव्हा गाडी हललेली होती, अगदी हळू, मुंगीच्या पावलानं. पुलाला दोन्ही बाजूंनी जाळी. तिनं जाळीला तोंड लावलं. दारादारात हिरवे कपडे, सगळे सारखे, सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले. एक डबा खालनं गेला, दुसरा गेला. आपलाच नवरा ओळखू येईना, काय करेल बाई? तिसऱ्याच्या दारात एकजण मान मोडेस्तोवर वर करून बघत होता. छातीशी पिवळ्या ठिपक्यांची कुंची.

तिनं तनयाला दोन्ही हातांनी वर उचलली, जाळीला लावली. अन् पोर, सकाळपासून रडून आकांत केलेली पोर, झोपली होती. मान एका बाजूला, तोंड उघडं. जयंती तिला हलवणार होती, उठ गं, बाबा बघतायत. मग नाही हलवली. रणजीतनं एक हात सोडवून ओठावर बोट ठेवलं, उठवू नको म्हणून. अन् दार पुलाखाली गेलं.

ती पळत दुसऱ्या बाजूच्या जाळीला गेली. तोवर दारात दुसरेच कुणीतरी पुढं आले होते. हात हलत होते, खूप हात. त्यातला त्याचा कुठला ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.

दूधवाला म्हातारा थांबला होता गं स्टेशनाबाहेर. त्यानंच परत गाडीपाशी आणून सोडली. तुझे आजोबा एका ट्रॅक्टरवाल्याकडून पंपावरनं कॅनभर पेट्रोल आणवून, गाडीच्या सावलीत खाली मान घालून बसलेले. ओतलं नव्हतं. तिला बघून उठले, विचारायचं धाडस होईना. तीच म्हणाली, बघितलं त्यांनी. हातात नाही घेता आलं. मग आजोबा कॅनचं झाकण काढायला लागले.

“थांबा काका,” ती म्हणाली. “अजून ओतू नका.”

तिनं आधी हातातल्या सगळ्या बांगड्या उतरवल्या, एकेक, अन् सीटवर ठेवल्या. मीटर ओढलं, काच काढली. किल्ली फिरवली. काटा चिमटीत धरून अलगद उपटला अन् रिकाम्या टाकीच्या खुणेवर, अगदी तळाला, दाबून बसवला. म्हणाली, भरलेली केव्हा असते ते कुणाला सांगता येत नाही काका, पण रिकामी आहे हे आज पक्कं ठाऊक आहे. मग म्हणाली, आता ओता. आजोबांनी ओतलं. काटा तळाहून बोटाच्या पेराएवढा वर आला. ती त्याच्याकडं बघत राहिली, अन् मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतकी रडली, की आजोबांनी तनयाला झाडाखाली नेऊन पक्षी दाखवले बराच वेळ.

घरी सरळ आली नाही. आधी पंपावर गेली, रांगेत उभी राहिली, टाकी काठोकाठ भरली. काटा वरच्या खुणेवर जाऊन बसला, आक्षी बरोबर. मग निंबाखाली लावली. तुझे आजोबा आता पेपर ओट्यावर वाचतात, घाम पुसत. गाडीत एसी लावून बसा म्हटलं तर उठून जातात.

त्यानंतर रणजीतचा फोन नाही. जिथं गेले तिथं पण टॉवर नसणार. जयंती रोज सकाळी गाडी पुसते, काट्याकडं एकदा बघते अन् कामाला लागते. परवा कुणाचा तरी पंखा घेऊन बसली होती, पण हात शिवशिवत नव्हते तिचे, नुसते चालत होते.

म्हणून हे लिहून घेतलं, अवनी. आता खाली लिही, वाचणाऱ्याला. बाबांनो, तुमचं कुणी फौजेत असेल, अन् तिकडं रणजीत नावाचा खटावचा जावई भेटला, किंवा दर्शन नावाचा पाणी भरणारा पोरगा भेटला, तर रणजीतला एवढा निरोप पोचवा. काटा आता खरं सांगतो. टाकी भरलेली आहे. जयंतीला चार चाकांची येते. कुंची तुझ्याजवळ राहू दे, पण डबा तेवढा परत धाड, झाकणावर तिचं नाव आहे. अन् रिकामा धाडू नको बाबा, आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घाल.